काचेबाहेर

डॉक्टर विजयेंद्र तमिळमध्ये काय विचारत होते ते टेबलावर निजलेल्या अनंतरावांना कळत नव्हतं. ते नुसती मान हलवत होते. शेवटी काचेमागे, मॉनिटरसमोर बसलेल्या रंजनीनं माइकचं बटण दाबलं आणि विचारलं, "छातींत दुखतें काय, मामा?"

अनंतराव आवाज कुठून आला ते शोधू लागले.

रंजनीच्या घरी पिढ्यान् पिढ्या तंजावरची मराठी बोलत. चेन्नईतल्या एग्मोरच्या या रुग्णालयात ती कितीतरी वर्षं हृदयाचे आलेख बघत आली होती, पण ती भाषा तिनं इथे कधी उच्चारली नव्हती. तशी वेळच आली नव्हती. अनंतराव साताऱ्याचे, मुलाकडे वेस्ट मांबलमला राहायला आलेले. सकाळी छातीत कळ आली. मुलगा अनिकेत श्रीपेरुंबुदूरच्या मोटार कारखान्यात पोचला होता, तो परत निघाला होता. बाहेर बाकावर बायको प्रमोदिनी एकटीच होती.

अँजिओप्लास्टी सुरू झाली, धमनीत बारीक तार गेली. तिच्या बाहेरच्या टोकाला चिमटा लावला की हृदयाचे विजेचे संकेत थेट आतून मिळत. पडद्यावरची ती एक रेघ सांभाळणं हे रंजनीचं काम. तारेवरून नेलेला फुगा अडथळ्यापाशी फुगवला की रक्त अडतं आणि रेघ वर चढते; फुगा सोडला की ती खाली यायला हवी.

ती आली नाही.

रंजनीनं तसं सांगितलं. विजयेंद्रांनीही पाहिलं होतं. पुढे रक्त सरकत नव्हतं. त्यांनी धमनीत औषध सोडलं, थोडं थांबून पुन्हा सोडलं. अनंतराव काहीतरी पुटपुटले. ते काय म्हणतायत, असं डॉक्टरांनी विचारलं.

"हिला सांगू नका एवढ्यात," अनंतराव म्हणत होते. "घाबरेल ती."

रंजनीनं ते तमिळमध्ये सांगेपर्यंत रेघ विस्कटली. मग सगळे टेबलाकडे धावले. विजेचे झटके दिले, छाती दाबली, पुन्हा झटके दिले. तिच्या डोळ्यांसमोर रेघ सपाट झाली आणि सपाटच राहिली.

विजयेंद्र हातमोजे काढून भिंतीला टेकून उभे राहिले. त्या बाईंशी मला बोलता येणार नाही, तू चल, असं ते तिला म्हणाले. नातेवाइकांसमोर रंजनी कधी गेलीच नव्हती. वाईट बातमी नेहमी दुसऱ्या कुणीतरी सांगायची.

प्रमोदिनी चपला काढून बाकावर मांडी घालून बसल्या होत्या. मराठी ऐकताच त्यांचा चेहरा खुलला. विजयेंद्र एक एक वाक्य बोलत गेले, रंजनी ते मराठीत सांगत गेली. धमनी उघडली, पण रक्त पुढे गेलं नाही. खूप प्रयत्न केले. मग विजयेंद्र थांबले. पुढचं तिनंच सांगायचं होतं.

"मामी, ते गेले."

"वॉर्डात?" प्रमोदिनी चपला शोधू लागल्या. "कुठल्या मजल्यावर?"

रंजनी त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांचा हात धरला. प्रमोदिनींनी तिच्याकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं. चपलेत घातलेला पाय तसाच राहिला.

मग प्रमोदिनींनी विचारलं, काही बोलले का?

"तुम्हांला भिववूं नका म्हणाले."

त्यांनी मान डोलावली. अनिकेत अजून वाटेतच होता. त्याची वाट बघू या का, असं रंजनीनं विचारलं. त्या नको म्हणाल्या, त्यांना आत्ताच बघायचं होतं. "तुम्ही या माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या. "आत कुणाला माझं कळणार नाही."

पुढच्या रोग्याची तयारी करायची होती. रंजनीनं ती सहकारी शेषाद्रीवर सोपवली आणि त्यांना आत नेलं. चादर खांद्यापर्यंत ओढलेली होती, पण छातीवरच्या चिकटपट्ट्या आणि वायरी अजून तशाच होत्या. एरवी त्या वॉर्डबॉय एका झटक्यात ओढून काढी. रंजनीनं हात पुढे केला.

"जरा हळू काढा," प्रमोदिनी म्हणाल्या. "केस ओढले गेले की चिडतात ते."

रंजनीनं कापूस स्पिरिटमध्ये बुडवला, पहिल्या पट्टीची कड भिजवली आणि ती सुटायची वाट बघत उभी राहिली.