उरलेलं आवण

आमच्याकडे खाचरात पाणी तुंबलं की मदतीच्या आधी मोबाइल येतात. गेली चार-पाच वर्षं हे असंच चाललंय. खडवली स्टेशनातून रिक्षा केली की जो नवा डांबरी रस्ता लागतो, तो खरं तर कल्याण-ठाण्याच्या लोकांनी घेतलेल्या बंगल्यांच्या प्लॉटपर्यंत जातो. वाटेत आमचं गाव पडतं म्हणून तो आमचाही. या रस्त्याच्या वाटेत ओढा आहे. त्यावर पूल व्हायचा होता, झाले सिमेंटचे दोन पाइप. एखादं वासरू वाहून आलं तर त्यात अडकून बसेल एवढे. जुलैत डोंगरावरचं पाणी येतं, रस्त्याच्या भरावाला धडकतं आणि मागे फिरून खालच्या आळीच्या शेतांत जाऊन बसतं. भात कुजेपर्यंत उठत नाही.

याला जबाबदार कोण, हे विचारायची सोय नाही. एक पक्ष म्हणतो, रस्ता तुम्ही केलात. दुसरा म्हणतो, प्लॉटना परवानगी तुमच्या काळात मिळाली. साहेब लोक म्हणतात, ओढा आमच्या खात्याकडे येत नाही. पक्षांची नावं मी सांगत नाही, कारण तुम्ही हे वाचेपर्यंत ती बदललेली असतील.

मी सरोज. माझं घर वरच्या आणि खालच्या आळीच्या मधोमध आहे, त्यामुळे दोन्हीकडची भांडणं आधी माझ्या ओट्यावर येऊन टेकतात. रखमाबाईचं माहेर वरच्या आळीत, सासर खालच्या आळीत. मधे चालत जायला एक चूल पेटेपर्यंतचा वेळ लागतो. तिचा थोरला भाऊ कुंडलिक पंचायतीत सदस्य. नवरा देवराम विरोधी पक्षाचा जुना कार्यकर्ता. म्हणजे माहेर एका झेंड्याखाली, सासर दुसऱ्या. तरी गणपतीत सगळे एका पंगतीला बसायचे. कुंडलिक आपल्या भावजींच्या ताटात मोदक टाकायचा आणि म्हणायचा, "खा, खा, आमच्या सरकारचा हाय." देवरामही हसत खायचा.

आता आवणाचं सांगते. आवण म्हणजे लावणीसाठी राबात, म्हणजे भाजून तयार केलेल्या वाफ्यात, वाढवलेली भाताची रोपं. आमच्या गावात राब करताना प्रत्येक घर आपल्या गरजेपेक्षा चार हात जागा जास्त धरतं. लावणी झाली की थोडं आवण उरतंच. ते विकायचं नाही, गुरांपुढे टाकायचं नाही. ज्याचं शेत कुजलं त्याला ते द्यायचं. आणि मोठी गोष्ट म्हणजे, ज्याचं कुजलं त्याने मागायला जायचं नाही. ज्याच्याकडे उरलंय त्यानेच जुड्या डोक्यावर घेऊन त्याच्या बांधावर हजर व्हायचं. आधीच ज्याचं गेलंय त्याने वर हात पसरायचा, हे आमच्या म्हाताऱ्यांना पटत नव्हतं. शिकलेली नव्हती ती, पण माणसाची लाज कुठे असते हे त्यांना कळत होतं.

गेल्या पावसाळ्यात खालची आळी पुन्हा बुडाली. आमच्याकडे उरलेलं होतं ते खालच्या आळीतल्या धाकूच्या शेतात गेलं. बाकीच्यांनीही ज्याला जमेल तसं दिलं. रखमाबाईला कुणी दिलं नाही, कारण तिला द्यायला तिचा सख्खा भाऊ होता. कुंडलिकच्या उताराच्या वरकस जमिनीवर आवण हिरवंगार डुलत होतं. सगळ्यांना वाटलं, तो आज येईल, नाहीतर उद्या.

त्याआधी आला बंटी. बंटी म्हणजे देवरामच्या पक्षाचा तरुण कार्यकर्ता, शहाडला त्याचं मोबाइलचं दुकान आहे. रखमाबाई गुडघाभर पाण्यात उभी राहून कुजलेली रोपं उपटत होती. मी बांधावर होते.

"मावशी, जरा पुढे ये ना. पाण्यात उभी राहा."

"उभीच हाय ना पाण्यात. अजून कुठं उभी राहू?"

"बरं, सांग. हा रस्ता कोणी केला?"

रखमाबाईच्या तोंडावर मला कौतुक दिसलं. खरंच दिसलं. "आमच्या दादाने केला. कुंडलिकदादाने. पंचायतीत चपला झिजवल्या त्याने. तो रस्ता झाला म्हणून आमच्या संचिताला वेळेवर कल्याणला नेता आलं. नायतर बाळ आणि बाळंतीण, दोघं गेली असती. पण त्याच्याखाली पूल पायजे होता. तेवढं करून द्या बाबांनो."

बंटीने मान डोलावली आणि गेला. संध्याकाळी व्हिडिओ सगळ्या गावाच्या मोबाइलवर. रखमाबाई पाण्यात उभी, हातात काळी पडलेली रोपं. हा रस्ता कोणी केला? आमच्या दादाने केला. कुंडलिकदादाने. बस्स, एवढंच. मागे रडकं संगीत, आणि खाली मोठ्या अक्षरांत, सख्ख्या बहिणीनेच फोडलं बिंग.

रखमाबाईने तो मुलीच्या मोबाइलवर तीनदा पाहिला. "पुढचं कुठं गेलं गं?" ती संचिताला विचारत राहिली. "मी पुढे बोललेली ना? सरोज, तू होतीस ना तिथं?" मोबाइलात तिचं पुढचं बोलणं कुठेतरी मागे राहिलंय, नीट शोधलं तर सापडेल, असं तिला वाटत होतं. देवराम कोपऱ्यात बसून विडी ओढत होता. "पक्षासाठी जरा सोसायला लागतं," एवढंच तो बोलला. मला इतका राग आला की त्याची विडी काढून चुलीत टाकावी.

दुसऱ्या दिवशी कुंडलिकच्या पक्षाचे नेते पाहणीला आले. गमबूट घालून रस्त्यावर उभे राहिले, पाण्यात कुणी उतरलं नाही. परवानगी कुणाच्या काळातली ते त्यांनी सांगितलं, दोन फोटो काढले आणि गेले. कुंडलिक त्यांच्या मागे मान खाली घालून उभा होता. गाडीत बसताना नेते त्याला काहीतरी बोलले. काय ते कुणाला ऐकू आलं नाही, पण त्याचा चेहरा मात्र सगळ्यांनी पाहिला.

त्यानंतर कुंडलिक खाली उतरलाच नाही.

दोन-तीन दिवस वाट पाहून मी त्याच्याकडे गेले. म्हटलं, "दादा, ती काय बोलली ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. बंटीने अर्धं कापलं. ती तुझं कौतुक करत होती."

"मला काय माहीत नाय?" तो म्हणाला. "ती माझ्या विरोधात बोलणार नाय, सरोज. लहानपणी माझा मार ती खायची."

"मग आवण दे ना तिला. कशाची वाट बघतोस?"

त्याने अंगणात नजर फिरवली. "आता दिलं तर आमचीच लोकं काय बोलतील? कुंडलिक घाबरला. बहिणीचं तोंड बंद करायला आवण देतो. आधीच माझ्यावर वरून संशय हाय, बहिणीचा नवरा तिकडचा ना. तू असं कर, तिला बोल, एकदा ये म्हणावं माझ्या दारात. मागितलंन की लगेच देतो. मग कोणाची काय बोलायची टाप नाय."

मी खाली आले. रखमाबाई चुलीपुढे होती. मी निरोप सांगितला. ती फुंकणी हातात तशीच धरून बसली.

"मागायला येऊ?" ती हळूच म्हणाली. "आपल्या गावात आवण कोण मागतं गं? आणि माहेरात?"

"वैनी, वेळ तशी आहे. गिळ हा एक घोट."

"मी गिळीन. पण मी वर गेले की बंटीची पोरं बोलणार, फुटली. ह्यांना पक्षात तोंड दाखवता येणार नाय. दादाने नुसतं यावं. नुसता बांधावर येऊन उभा राहू दे. मी पुढचं सगळं करीन."

मी पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले. माझे गुडघे दुखायला लागले, पण यांच्यातलं कुणी एक पायरी उतरेना. मला दोघांची कीवही येत होती आणि दोघांच्या थोबाडीत द्यावीशीही वाटत होती. दोन्हीकडे एकच भीती, लोक काय म्हणतील. आणि लोक म्हणजे कोण, तर शहाडचा बंटी आणि कुंडलिकच्या पक्षाच्या कल्याणच्या ऑफिसातून येणारा सर्वेश नावाचा पोरगा. दोघांनाही भाताच्या रोपात आणि गवतात फरक सांगता आला नसता.

आवण कुणासाठी थांबत नाही. ते राबात जास्त दिवस राहिलं की म्हातारं होतं, कांड्याला गाठ धरतं. मग लावलं तरी त्याला फुटवे येत नाहीत. आजूबाजूची गावंही बुडालेली, त्यामुळे बाहेरून मिळण्याची आशा नव्हती आणि नवं बी टाकायची वेळ गेली होती. पाणी हळूहळू ओसरलं. रखमाबाईने खाचरातला गाळ सारखा केला, बांध लिंपले, चिखल करून ठेवला. रोज सकाळी ती बांधावर जाऊन उभी राहायची आणि वरच्या आळीच्या पायवाटेकडे पाहायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "खेकडं बांध फोडतात, ते बघायला आलेली." तिच्याकडे पाहवत नव्हतं.

आणि मग एक दिवस देवळापुढे सर्वेश पेढे वाटताना दिसला. कल्याणला दोन्ही पक्षांच्या नेत्यांनी एकमेकांना हार घातले होते. येणाऱ्या निवडणुकीसाठी युती. जागा वाटून झाल्या, पत्रकारांसमोर गळाभेटही झाली. रस्ता, पाइप, परवानगी, कुणालाच काही आठवलं नाही. कुंडलिक तिथेच होता. सर्वेशने त्याच्या हातावर पेढा ठेवला.

"काका, मॅटर क्लोज. आता सगळे आपलेच. टेन्शन नाय घ्यायचं. तुमच्या सिस्टरला आवण-बिवण द्यायचं असेल तर द्या बिनधास्त. वरून काय प्रॉब्लेम नाय."

मी तिथे होते. एका पोराने त्याला सख्ख्या बहिणीशी बोलायची परवानगी दिली, आणि साठीला आलेल्या त्या माणसाने ती घेतली. पेढा तसाच मुठीत दाबून तो घाईघाईने वर गेला. लाज वाटली असेलही त्याला, पण पाय मात्र भराभर पडत होते.

दुपारी तो जुड्या डोक्यावर घेऊन उतरला. पायवाटेवर त्याला पाहिल्याबरोबर रखमाबाई खाचरातूनच पळत बांधाकडे आली. चिखलात दोनदा घसरली. त्याने जुड्या खाली ठेवल्या. तिने एक जुडी उचलली, एका रोपाच्या कांड्यावरून बोट फिरवलं, आणि तिला कळलं. मलाही दुरूनच कळलं. पानांची टोकं पिवळी पडली होती.

"गाठी धरल्यात, दादा."

"हां. जरा उशीर झाला."

ती जुडीकडेच पाहत होती. "तू आपणहून आलास ना रे?"

कुंडलिकने तोंडावरून उपरणं फिरवलं. "हो गं. मग काय, कोण पाठवणार मला?"

सकाळीच बंटी देवरामला युतीची बातमी देऊन गेला होता. रखमाबाई घरातच होती, तिने सगळं ऐकलेलं होतं. तरी पदर खोचला आणि लावायला वाकली. कुंडलिकही धोतर वर घेऊन उतरला. मीही उतरले. देवराम आला, त्याने मेव्हण्याकडे न पाहता एक जुडी सोडली. संध्याकाळपर्यंत आम्ही चौघांनी सगळं खाचर लावून काढलं. यातून काही येणार नाही हे चौघांनाही माहीत होतं. तरी रखमाबाई एकेक रोप असं सरळ लावत होती की बघणाऱ्याला वाटावं, हिचं आवण आज सकाळीच उपटलंय. रात्री तिने आम्हाला तांदळाची भाकरी आणि सुकट वाढलं.

आश्विनात लोंब्या आल्या. बारीक, ताठ उभ्या. भरलेली लोंबी वाकते. दाबून पाहिली की दाणा नाही, नुसतं फोल. रखमाबाईने ते कापून गुरांना घातलं. रस्त्याच्या कडेला तोवर नवा बॅनर लागला होता, दोन्ही नेते हसत हात जोडून. पाइप तेच दोन, तसेच.

दिवाळीनंतर कुंडलिकने नव्या तांदळाचं एक पोतं तिच्याकडे पाठवलं. तिने ते परत केलं नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, गाडी रुळावर आली.

मध्यंतरी एका दुपारी मी सहज तिच्याकडे गेले, तर चुलीवर दोन टोप. एकात कुंडलिकच्या तांदळाचा भात, सगळ्या घरभर वास सुटलेला. दुसऱ्या छोट्या टोपात रेशनचा, जाडाभरडा.

"दोन-दोन भात कशाला गं?"

"तो दादाचा. ह्यांना, संचिताला, पाव्हण्यांना."

"आणि हा?"

"माझा."

मला चढलाच राग. "वैनी, भावावर इतकं धरून बसू नये. आला ना तो शेवटी? पोतं पाठवलं ना?"

"मी कुठं रागावले त्याच्यावर?" ती म्हणाली. तिने दादाच्या टोपावरचं झाकण सरकवून वाफ मोकळी केली, थोडा वेळ त्या वाफेकडे पाहत राहिली आणि डोळे पुसले. "गोड हाय गं तांदूळ. आमच्या बापाच्या शेतातला हाय, लहानपणापासून खाल्लाय मी. पण आता घास घेतला ना, की मनात येतं, हा पण त्याला कोणी सांगितला असंल का पाठवायला."