पूजेतून राहिलेला दिवा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. पण माझ्या उजेडात कधी कुणी धडा वाचला नाही की कुणी जेवलं नाही. परंड्यात लिंबाजीचं गाड्यांची वायरिंग दुरुस्त करायचं पत्र्याचं दुकान आहे. तिथल्या खिळ्यावर मी लटकतो. वायरीत करंट असला तर पेटायचं, नसला तर गप्प राहायचं, एवढंच माझं काम. मला टेस्ट लॅम्प म्हणतात.

माझा जन्म भंगारातला. तीस वर्षांपूर्वी लिंबाजीनं मोडीत निघालेल्या जीपचा बल्ब काढला, त्याला दोन वायरी जोडल्या, एकीला चिमटा लावला आणि दुसरीला सायकलचा आरा घासून टोक केलं. पुढं ढोकीच्या कारखान्याला ऊस नेणारे किती ट्रॅक्टर माझ्या सांगण्यावरून चालू झाले, याची मोजदाद नाही. ‘लिंबाजीचा दिवा खोटं बोलत न्हाय,’ असं लोक म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

मग दुकानात आकडे दाखवणारा मीटर आला आणि माझं नशीब खिळ्याला टांगलं गेलं. खंडेनवमीला लिंबाजी सगळी हत्यारं पाटावर मांडून पुजतो. यंदा मधोमध मीटर बसला. पान्यांना, पकडींना, अगदी मोडक्या स्क्रू-ड्रायव्हरलाही कुंकू लागलं. मी राहिलो. वाईट वाटलं, लपवत नाही.

त्याच सकाळी, पूजेच्या आधी, बलभीमचा जुना पेट्रोल पिकअप दुकानापर्यंत ढकलत आणला होता. हौद्यात झेंडू शिगोशीग भरलेला. बलभीमच्या बायकोनं, मथुराबाईनं, पहिल्यांदाच अर्धा एकर झेंडू लावला होता आणि तो दुपारच्या आत बार्शीच्या बाजारात पोचायला हवा होता. दसरा सरला की झेंडूला कुत्रं विचारत नाही.

चावी फिरवली की टाकीतला पेट्रोलचा पंप ‘घूं’ करायचा, तो गप्प होता. लिंबाजीनं पंपाला जाणाऱ्या दोन वायरी सोडवून मीटर लावला. बरोबर बारा व्होल्ट.

“करंट येतोय. म्हंजे पंपच गेला,” लिंबाजी म्हणाला. “नवा सोलापूरवरनं येईल, पण सणाचं दुकान कोण उघडतंय? परवा बघू.”

आसपास दुसरी गाडीही रिकामी मिळेना. बलभीमनं डोक्याला हात लावला. मथुराबाई मात्र फुलांवर पाणी शिंपडत तिथंच बसली. लिंबाजीची पूजा उरकताच ती उठली.

“तात्या, एकदा परत बघा की.”

“बाई, पुजलेलं हत्यार आज उचलत न्हाय मी. बापाच्या येळेपासनं हाय.”

तिनं भिंतीकडं बोट दाखवलं. “त्यो दिवा तर पूजेत न्हाय.”

लिंबाजी हसला. बाईचं मन राखायचं म्हणून त्यानं मला उतरवलं, शर्टाच्या बाहीनं पुसलं आणि पंपाच्या त्याच दोन वायरींना लावलं.

मी पेटलो नाही.

“ह्याचाबी बल्ब गेला जणू,” म्हणत त्यानं मला बॅटरीला लावलं. मी लख्ख पेटलो. पुन्हा त्या वायरींना लावलं. पुन्हा अंधार. लिंबाजीचं हसू मावळलं. त्यानं माझं टोक करंटच्या वायरीलाच ठेवलं आणि चिमटा तेवढा काळ्या वायरीवरून काढून बॅटरीच्या निगेटिव्हला लावला. मी पेटलो!

मित्रांनो, यात जादू नाही. मीटरला करंटचा नुसता वास लागला तरी पुरतो. तो आकडा दाखवून मोकळा होतो. मला पेटायला पोटभर करंट लागतो, पंपालाही तसाच लागतो. करंट जात होता, पण काळ्या वायरीतून त्याची परतीची वाट तुंबली होती.

लिंबाजी काळ्या वायरीमागं गाडीखाली शिरला. ती जिथं चेसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्टानं आवळली होती, तिथं नवाकोरा काळा रंग चमकत होता.

“चेसी कुणी रंगवली?”

“म्याच,” बलभीम म्हणाला. “खंडेनवमीला गाडी पुजायची, मग अंघोळ नको व्हय तिला? बोल्ट काढून त्याच्याखालीबी दोन हात मारले. गंज चढू न्हाय म्हणून.”

“लई गुणाचे हायत आमचे,” मथुराबाई म्हणाली.

लिंबाजीचे पाने पाटावर होते. बलभीमनं सीटखालचा पाना काढला, मथुराबाईनं आपला विळा दिला. रंगातून करंट जात नाही, म्हणून विळ्याच्या पात्यानं लिंबाजीनं तेवढाच रंग खरवडला. आतलं लोखंड उघडं पडलं, बोल्ट आवळला, वायरी जोडल्या. चावी फिरली आणि पंप घुमला.

“मीटर खोटं बोलला न्हाय,” लिंबाजी हळूच म्हणाला. “म्याच अर्धं ऐकलं.”

पिकअप बार्शीच्या रस्त्याला लागला. जाताना मथुराबाईनं दोन ओंजळी फुलं दुकानात ठेवली. लिंबाजीनं मला पाटावर मीटरशेजारी ठेवलं आणि कुंकवाचं बोट टेकवलं. आता उद्यापर्यंत मला कुणी हात लावणार नव्हतं.

मित्रांनो, गाडी जरूर रंगवा, पण वायर जिथं लोखंडाला भेटते ती जागा कोरी ठेवा. आणि घरातलं एखादं जुनं माणूस किंवा वस्तू गप्प दिसली, तर ती संपली असं लगेच ठरवू नका. पेटल्याबद्दल मला जन्मभर शाबासकी मिळाली. कुंकू मात्र मिळालं ते न पेटल्याबद्दल.