फोटोतला कप

मित्रांनो, तुम्ही मला कदाचित पाहिलं असेल, पण हातात कधीच घेतलं नसेल. मी एक जुना, पांढरा, जाड काठाचा कप आहे. माझ्या अंगावर एका चतुराचं चित्र आहे. चतुर म्हणजे तळ्याकाठी उडतो तो चार पारदर्शक पंखांचा कीटक. हजारो लोकांनी मला मोबाईलवर पाहून पसंत केलं. पोचला मात्र प्रत्येकाकडे दुसराच कप.

ही गोष्ट दोन बहिणींची आहे. थोरलीला सगळे ताई म्हणत. ती एका संग्रहालयात कीटकांची चित्रं काढायची. नमुना भिंगाखाली ठेवून, पंखातल्या शिरा मोजून मग ती कागदावर रेघ ओढायची. माझ्यावरच्या चतुराचा डावा मागचा पंख टोकाशी जरासा फाटलेला आहे. ती चूक नव्हे. नमुन्याचा पंखच तसा होता, आणि जे नाही ते काढायचं नाही हा ताईचा नेम होता.

धाकटी घरातल्या मागच्या खोलीत कपांवर चित्रं छापून ऑनलाइन विकायची. ताईची चित्रं तिला फार आवडत. एकदा ताईकडे जेवायला गेली असताना तिने टेबलावरच्या चतुराच्या चित्राचा फोटो काढून घेतला. तोच तिने खास कागदावर छापला, माझ्याभोवती गुंडाळला आणि मला यंत्राच्या तापलेल्या पट्ट्यात आवळलं. तीन मिनिटं मी भाजत होतो. कागदावरच्या शाईची वाफ झाली आणि ती माझ्या अंगावरच्या लेपात मुरली. लेप दाट होता, म्हणून रंग पक्का बसला. चित्राच्या कोपऱ्यात ताईची बारीकशी सही होती. ती नेमकी माझ्या कानापाशी येऊन अर्धी कापली जात होती, म्हणून धाकटीने ती छापण्याआधीच पुसून टाकली होती.

मग तिने मला खिडकीत ठेवून माझा फोटो काढला. खाली लिहिलं, ‘आमचं स्वतःचं चित्र. रंग कधीच जाणार नाही.’

तिचा नवरा खोकी चिकटवत बसला होता. त्याने वाचलं आणि म्हणाला, “कधीच? इतकी खात्री तर लग्नात भटजींनीही दिली नव्हती आपल्याला.”

“सगळेच असं लिहितात,” धाकटी म्हणाली. “तू चिकटपट्टी नीट लाव.”

मागणी वाढत गेली. माझ्यासारखे जाड कप परवडेनात, म्हणून धाकटीने पातळ लेपाचे कप मागवले. फोटो मात्र माझाच राहिला. तेव्हा मला अभिमान वाटायचा, मित्रांनो. तो मी आता लपवत नाही.

एका दुपारी ताई आली. तिच्या हातात एका प्रकाशकाचं पत्र होतं. तळ्यातल्या कीटकांवरच्या पुस्तकासाठी सहा वर्षं ती चित्रं काढत होती, आणि पुस्तक येईपर्यंत ती दुसरीकडे कुठेही दिसणार नाहीत असं तिने लेखी दिलं होतं. प्रकाशकाच्या माणसाने कुठेतरी माझा फोटो पाहिला आणि फाटक्या पंखावरून चित्र ओळखलं. आठ दिवसांत खुलासा आला नाही तर काम काढून घेऊ, असं त्यांनी कळवलं होतं.

“घरचंच चित्र म्हणून घेतलं गं,” धाकटी म्हणाली. “तुझं काय नि माझं काय.”

ताईने मला उचललं, खिडकीकडे धरून फिरवलं आणि जागेवर ठेवलं. “मला विचारलं असतंस तर तुझ्यासाठी दुसरं काढलं असतं,” ती म्हणाली. मग तिने शांतपणे सांगितलं, की तू फक्त खरं लिहून दे. चित्र माझं, तू न विचारता घेतलंस, मला ठाऊक नव्हतं. एवढीच तीन वाक्यं.

धाकटी हो म्हणाली. पण लेखी कबूल केलं की दुकान बंद करावं लागणार, हे तिला कळत होतं. हातातल्या ऑर्डरी तेवढ्या जाऊ देत, मग लिहिते, असं ती रोज नवऱ्याला सांगायची. तो आधी समजवायचा, नंतर नुसता बघायचा. ताईचा दोनदा फोन आला. तिसऱ्यांदा आला नाही. आठवा दिवस गेला.

नवव्या दिवशी एका गिऱ्हाईक बाईंनी त्यांच्या कपाचा फोटो पाठवला. चार-पाच धुण्यांतच पंख निघून गेले होते, उरली होती चतुराची काडीसारखी शेपटी. बाईंनी भांडण काढलं नाही. एवढंच विचारलं, की तुमच्या फोटोतला कप कुठे मिळतो?

धाकटीने तो फोटो माझ्याशेजारी धरला. मग तिने माझा फोटो दुकानातून काढून टाकला, यंत्राची वायर काढली आणि पत्र लिहायला बसली. तीन वाक्यं लिहायला तिला अर्धा तास लागला.

उत्तर लगेच आलं. प्रकाशकाने लिहिलं होतं, की तुमच्या ताईंची चूक नव्हती हे आम्हाला पटतं, पण मुदत संपली तेव्हाच काम दुसऱ्या चित्रकाराला देऊन झालं आहे.

धाकटी ते पत्र घेऊन ताईकडे निघाली. जाताना तिने मलाही पिशवीत घातलं. ताईने उभ्यानेच वाचलं. पत्रात त्या दुसऱ्या चित्रकाराचं नाव होतं. “तो चांगला काढतो,” ती म्हणाली. “फक्त त्याच्याकडे नमुने नाहीत. फोटोवरून काढेल.” एवढं बोलून ती आत गेली आणि सहा वर्षांच्या चित्रांचा गठ्ठा कपाटात वरच्या फळीवर ठेवून आली. धाकटी रडत होती. ताईने तिला पाणी दिलं. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

तेव्हापासून मी ताईच्याच घरी आहे. धाकटी आता आधी विचारून, चित्रकाराचं नाव छापून कप विकते. खाली लिहिते, ‘रंग हळूहळू फिका होईल.’ ती ताईकडे येते, दोघी बोलतात, हसतातही. पण धाकटी यायची असली की ताई आधी टेबल आवरते आणि कागद कपाटात ठेवून कुलूप लावते.

मित्रांनो, कुणाचं चित्र आवडलं तर ते घेण्याआधी विचारा, आणि जे हातात देणार तेच फोटोत दाखवा. परक्याला आपण बहुतेक वेळा विचारतोच. विसरतो ते आपल्या माणसाला विचारायचं. मी त्या बंद कपाटासमोरच्या फळीवर असतो. माझा रंग अजून जराही गेलेला नाही.