नवजात कक्षातून आलेला नंबर

मंगळवारी सकाळी दहा वाजता तळमजल्यावरच्या नवजात शिशू कक्षातून एका टॅबने वाय-फायमध्ये येण्याची परवानगी मागितली. मी ती नाकारली. थोड्या वेळाने त्याने पुन्हा मागितली, मी पुन्हा नाकारली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत हे असंच चालू राहिलं.

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. वर्ध्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, बिनखिडकीच्या खोलीत मी राहतो. वाय-फाय मी देत नाही. ते काम छताला लावलेल्या पांढऱ्या डब्यांचं. पण डॉक्टर, सिस्टर, विद्यार्थी किंवा कारकून, कोणीही आपला नंबर आणि पासवर्ड टाकला, की डबी स्वतः काही ठरवत नाही. ती मला विचारते, याला आत घेऊ का? मी माझ्याजवळची नावं तपासतो आणि हो किंवा नाही म्हणतो. तिसरा शब्द मला शिकवलेला नाही. नाही म्हटलं तर का नाही, हे समोरच्या माणसाला कळत नाही. त्याला एवढंच दिसतं, की जोडणी झाली नाही.

मी नागपूरहून टेम्पोने आलो. त्या काळात इथे प्रत्येक विभागाचा एकच पासवर्ड असे आणि तो कागदावर लिहून भिंतीला चिकटवलेला असे. भेटायला आलेले नातेवाईकही तोच वापरत आणि बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना एक्स-रे उघडायला ताटकळावं लागे. मी आलो आणि भिंतीवरचे कागद निघाले. संस्थेच्या वार्तापत्रात माझा फोटो छापून आला. दसऱ्याला मला हळद-कुंकू लागलं, डोक्यावर आपट्याची पानं ठेवली गेली. नारळ मात्र दाराबाहेर फोडला, पाणी उडेल म्हणून.

मग वर्षं गेली. नीट चालणाऱ्या यंत्राकडे कोणी बघत नाही. माझ्यासमोर आधी बंद पडलेले प्रिंटर आले, मग फरशी पुसायची बादली आली. एसी गळायला लागला तेव्हा कोणीतरी माझ्यावर प्लास्टिकचा कागद टाकला. तो काढायचा राहून गेला. मी तापलो आणि माझा एक पंखा तेव्हापासून घरघरतो. तरीही मी काम सोडलं नाही. एवढ्या मोठ्या दवाखान्यात मला विचारल्याशिवाय कोणाचाही फोन आत येत नाही, याचा मला अभिमान होता.

माझी देखरेख दोघं करतात. आदेश संगणक विभागाचा प्रमुख आहे आणि प्रेरणा त्याच्या हाताखाली नुकतीच लागलेली आहे. मंगळवारी खोलीतला फोन वाजला तेव्हा दोघंही होते. प्रेरणाने स्पीकर लावला. पलीकडे नवजात कक्षातल्या आया सुमित्राबाई होत्या. त्यांना सगळे मावशी म्हणतात.

"अव पोरी, तुमचा सर्व्हर का जावई हाय का? सकाळपासून मनवून राह्यली, ऐकतच नाई!"

"मावशी, नंबर बरोबर टाकला ना?"

"चार, एक, एक, सात. आता मले आकडे शिकवतं का?"

"आणि पासवर्ड?"

"थोही बरोबर हाय. सिस्टरनं आपल्या नंबरानं पाह्यलं, तं त्याईलेही घेत नाई."

"टॅबच खराब असेल," आदेश पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. "कालच नवीन आला ना? परत पाठवायला सांग."

जुन्या टॅबची काच फुटली होती म्हणून सोमवारी नवीन टॅब आला होता, हे खरं. तरी आदेशने माझी नोंद, म्हणजे लॉग, उघडली. मी नाकारलेल्या प्रत्येक विनंतीची एक ओळ माझ्याकडे असते. त्या ओळींत नंबराच्या जागी नंबर नव्हता. तिरप्या रेघा आणि तीन-तीन आकड्यांचे पुंजके होते, वाचता न येणारे.

"हे पाह्य," आदेश म्हणाला. "हा नंबर आहे का? कोणीतरी काहीबाही सोडून राह्यलं आपल्या नेटवर्कवर."

त्याने तो टॅबच अडवून टाकला. शंका आली की आधी अडवायचं, हा नियम आहे आणि नियम चुकीचा नाही. पण आता खरा नंबर आला असता, तरी मी नाहीच म्हटलं असतं.

दुपारी पुन्हा फोन आला. या वेळी मावशींच्या आवाजात थट्टा नव्हती.

तिसऱ्या मजल्यावर जया नावाची बाळंतीण होती, कारंजा घाडगेकडची. तिचा नवरा कैलास महामार्गावर ट्रकचे टायर दुरुस्त करतो. बाळ वेळेच्या आधी जन्मलं. जया शुद्धीवर आली तेव्हा त्याला खाली काचेच्या पेटीत नेलेलं होतं. तिला ताप चढला, म्हणून तिला खाली नेता येईना. नवजात कक्षात नातेवाइकांचे फोन नेऊ देत नाहीत. अशा बाळंतिणींना बाळ दाखवायला कक्षाचा स्वतःचा टॅब असतो. त्यात सिमकार्ड नाही. तो फक्त वाय-फायवर चालतो. म्हणजे मी हो म्हटलं तरच.

"तिले वाट्टे का लेकरू गेलं," मावशी सांगत होत्या, "अन् आपण सारे खोटं बोलून राह्यलो. कैलास काचेतून पाहून आला, सांगते का बरं हाय. तं त्याच्यावरई तिचा भरोसा नाई. म्हणते, बरं हाय तं दाखवत काऊन नाई? दूध काढून दे म्हटलं, तं म्हणते, कोणासाठी काढू?"

प्रेरणाने खुर्ची मागे सारली.

"येते मी, मावशी," प्रेरणा म्हणाली.

"तू तिथं जाऊन काय करशील?" आदेशने विचारलं. "लॉग तर इथं आहे."

"लॉग इथं आहे सर, पण नंबर टाकणारी मावशी तिथं आहे ना."

पुढचं मी पाहिलेलं नाही. प्रेरणाने परत येऊन आदेशला सांगितलं, ते मी ऐकलं. तिने हात धुतले, हिरवा अंगरखा घातला आणि मावशींच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. "तुम्ही रोज टाकता तसाच टाका," म्हणाली. मावशींनी एकेक आकडा मोठ्याने म्हणत टाकला. प्रेरणाने तो वाचला. चार, एक, एक, सात. बरोबर होता.

मग मावशींनी पासवर्डच्या चौकटीवर बोट ठेवलं आणि खालचा कीबोर्ड आपोआप बदलला. अ, आ, इ जाऊन इंग्रजी अक्षरं आली. तेव्हा प्रेरणाची नजर पुन्हा वरच्या नंबराकडे गेली.

मावशींनी लिहिलं होतं ४११७. मला हवं होतं 4117.

मित्रांनो, तुम्हाला यात फरक वाटणार नाही. मावशींना वाटला नाही, सिस्टरना वाटला नाही आणि प्रेरणानेही तो आकडा बरोबर म्हणूनच वाचला. माझ्यासाठी मात्र ती दोन वेगळी नावं होती आणि त्यातलं एक माझ्याकडे नव्हतं. आया-मावशींना स्वतः वाचता यावं म्हणून इन्चार्ज सिस्टरनी सोमवारी नवा टॅब मराठीत करून दिला होता. चांगल्या मनाने केलेलं काम होतं ते. पासवर्डच्या चौकटीत कीबोर्ड आपणहून इंग्रजी होतो, नंबराच्या चौकटीत होत नाही, हे कोणाच्या ध्यानात येणार?

प्रेरणाने तिथूनच फोन केला. मराठी आकडा मला नोंदीत तसाच लिहिता येत नाही, त्याच्या जागी मी तिरप्या रेघांचे पुंजके लिहितो. आदेशने ते पुंजके पुन्हा उघडले आणि पडताळून पाहिले. त्याने डोक्याला हात लावला.

"च्यायला, हे तर आपलेच आकडे निघाले!"

त्याने टॅबची अडवणूक काढली. थोड्या वेळाने 4117 आला. मी हो म्हटलं.

मावशींनी टॅब पेटीजवळ धरला. वर कैलासचा फोन जयाच्या हातात होता. तिने फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "हालत काऊन नाई थो?"

मावशींनी पेटीच्या गोल झडपेतून हात घातला आणि बाळाच्या मुठीत बोट दिलं. मूठ मिटली.

"झोपला हाय व माय. बापावानी झोपते, ढोल वाजवला तरी उठाचा नाई."

मागे कैलास हसल्याचं ऐकू आलं. जया हसली नाही.

"पाय दाखवा," म्हणाली. मावशींनी दाखवला.

"दुसरा."

तोही दाखवला. मग जयाने सिस्टरकडे दूध काढायला वाटी मागितली.

प्रेरणाने खोलीत परत आल्यावर आधी माझ्यासमोरची बादली उचलून बाहेर ठेवली. मग ती माझ्यासमोर बसली. देवनागरी आकडा आला तर त्याला इंग्रजी आकडा समजावं, अशा काही ओळी तिने माझ्या नियमांत लिहिल्या.

"कशाला मेहनत घेतेस?" आदेश म्हणाला. "पुढच्या महिन्यात नवीन मशीन येऊन राह्यली. हा जाईल भंगारात."

"तोवर तर हाच आहे ना सर. मावशींनी काय रोज कीबोर्ड बदलत बसायचं?"

तर मित्रांनो, या वयात मी मराठी आकडे शिकलो. टॅब आजही मराठीतच आहे. त्या ओळी नव्या यंत्रात जाणार की नाही, हे अजून ठरलेलं नाही. आदेश म्हणतो, बघू.

माझी तुम्हाला विनंती आहे. तुमच्या शाळेत, घरात एखादं यंत्र कोपऱ्यात मुकाट्याने चालत असेल, तर त्याची धूळ पुसा, त्याला हवा लागू द्या. आणि यंत्राने कोणाला नाही म्हटलं, तर चूक त्या माणसाचीच असेल असं धरून बसू नका. त्याच्याजवळ जाऊन उभे राहा. तो काय लिहितो आहे ते पाहा. आम्हाला जागेवरून उठून जाता येत नाही, तुम्हाला येतं.

हे सांगेपर्यंतची माहिती अशी. जयाचा ताप उतरलेला नाही, त्यामुळे तिला अजून खाली नेलेलं नाही. बाळाच्या नाकातली नळी डॉक्टरांनी काढलेली नाही. ती कधी काढणार, हे त्यांनी सांगितलेलं नाही. दूध रोज खाली जातं आहे. आज दुपारी चार वाजता नवजात कक्षातल्या टॅबने परवानगी मागितली आणि मी दिली. ती जोडणी अजून सुरू आहे.