धूर होत नाही

दुकानात मला सगळे ‘रेडिओ’ म्हणतात. सकाळी दहाला सुरू झाले की संध्याकाळी सातपर्यंत माझ्या तोंडाचा पट्टा बंद होत नाही, आणि त्याचाच मला पगार मिळतो. आई म्हणायची, बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. गेली चार वर्षं मी घरगुती वस्तूंच्या या दुकानात, जिन्यासमोरच्या टेबलाशी उभी राहून, समोर ठेवतील ते खपवते. यंदा कोळशाच्या छोट्या शेगड्या आल्या होत्या.

शेगडी होती मोठी गोड. लाल रंग, गोल झाकण, दुमडणारे पाय, कडी धरून एका हाताने उचलता येईल इतकी हलकी. गच्चीवर न्या, नदीवर न्या, गाडीच्या डिकीत टाका. गॅस नको, वीज नको, आणि कोळशावर भाजलेल्या कणसाची चव दुसऱ्या कशालाच येत नाही, हे मी अगदी मनापासून सांगायचे. अवगुणही सांगायचे. निखारे फुलायला पाऊण तास लागतो, तोवर पाहुण्यांच्या पोटात कावळे कोकलतात. एका वेळी चारच कणसं मावतात. शेवटच्याचं भाजून होईतो पहिल्याला परत भूक लागते. काम झाल्यावरही तासभर ती तापलेलीच राहते, म्हणजे कुठेही न्या, पण लगेच परत आणू नका! गिऱ्हाईक हसायचं. दोन दोष आपणहून कबूल केले की बाकीचं सगळं खरं वाटतं, हे धंद्यात लवकर कळतं.

एक दोष मात्र मी सांगत नसे. आम्हाला शिकवताना शेवटचं वाक्य घोकून घेतलं होतं: बंद खोलीत, तंबूत, गाडीत पेटवू नका, कोळशाच्या वायूने जीव जातो. पहिले काही दिवस सांगितलंही. ‘जीव’ शब्द आला की लोक खोकं हळूच खाली ठेवायचे. मग मी ते वाक्य गाळलं. खोक्यातल्या पुस्तिकेत छापलेलं आहेच की, अशी मनाची समजूत घातली.

त्यात दुकानात खरा विस्तव पेटवायला परवानगी नव्हती. आम्ही शेगडीत काचेचे खडे भरले होते आणि खाली लाल दिवा लावला होता. खिडक्या बंद, दारं बंद, आणि मधोमध शेगडी दिवसभर लालबुंद. बघणाऱ्याला काय वाटत असेल, हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नाही.

त्या आठवड्यात थंडीने कहर केला होता. अर्ध्या गावाची वीज तीन दिवस गेलेली. आमचं दुकान जनरेटरवर. दुपारी तीनच्या सुमाराला एक काका आले. सत्तरीचे, कानटोपी, कोटाची बटणं एक घर चुकवून लावलेली. ते शेगडीसमोर उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही तळवे तिच्यावर धरले. काचेच्या खड्यांवर!

“ताई, ही किती वेळ ऊब देते?”

“दोन तास आरामात, काका.”

“धूर?”

“कोळसा नीट फुलला की धूर होत नाही.”

“बरं झालं. हिला धुराचा त्रास होतो. आमच्या लहानपणी घरात शेगडीच असायची.”

“मग तुम्हाला मी काय शिकवणार!” मी म्हणाले.

‘हिला’ हा शब्द मी ऐकला. ऐकला, आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या जोडप्याकडे बघून हसले, कारण तेही घेतील असं दिसत होतं. हमीच्या कार्डावर काकांचा पत्ता आणि फोन मीच लिहून घेतला. इमारतीचं नाव, तिसरा मजला. शेगडी आणि कोळशाची पिशवी घेऊन ते गल्ल्याकडे गेले.

सव्वाचारला गल्ल्यावरची मैत्रीण चहा घेऊन माझ्याकडे आली. “तुझे ते काका भारी हुशार हं. शेगडीबरोबर खिडकीच्या फटींना लावायची चिकटपट्टी पण घेऊन गेले. तीन गुंडाळ्या. म्हणाले, नाहीतर ऊब सगळी बाहेर जाते.”

त्यांच्या लहानपणच्या घरांना फटी होत्या, दारं धड लागत नव्हती. आता हे चिकटपट्टीने खोली डबाबंद करणार, आणि आत निखारे ठेवणार.

कार्डावरचा फोन लावला. बंद. अर्थात बंद, तीन दिवस वीज नव्हती तर चार्ज कुठून होणार? मैत्रिणीला सांगितलं, रुग्णवाहिकेला फोन कर, हा पत्ता सांग. मॅनेजर जिन्यात आडवे आले. “रेडिओ, टेबल सोडून कुठे?” मी त्यांना बाजूला ढकललं.

सिग्नल बंद असल्यामुळे चौकात गाड्या एकमेकींत अडकल्या होत्या. टॅक्सीत बसले आणि दोन मिनिटांत उतरले. जिवाच्या आकांताने धावले. दुकानातल्या सपाट चपला घसरत होत्या, त्या काढून हातात घेतल्या. दीड तास झाला, मी हिशोब करत होते. घरी पोचायला अर्धा तास, पट्ट्या लावायला थोडा वेळ, कोळसा फुलायला पाऊण तास. कोळसा ओला निघू दे. काड्या सापडू नयेत. ज्या मालाची दिवसभर स्तुती केली तो निकामी निघावा म्हणून मी देवाला हात जोडत होते.

इमारतीचा जिना अंधारा होता. तिसऱ्या मजल्यावर चार दारं, एकाचीही बेल वाजेना. मी चारही दारांवर मुठी आपटत सुटले. शेवटचं दार उघडलं आणि काका दिसले. अंगात दोन स्वेटर, वर कोट, नाक लाल. माझा जीव भांड्यात पडला.

“हळू हो,” ते कुजबुजले. “आत्ता डोळा लागलाय तिचा. तीन रात्रींनी झोपलीय.”

“शेगडी कुठे आहे?”

“आत, तिच्याजवळ. मी बाहेर बसलोय, दार उघडझाप नको म्हणून.”

आतल्या दाराच्या खालच्या फटीत टॉवेल खोचला होता. मी दार ढकललं. खोली छान उबदार होती. धूर नव्हता, वास नव्हता. पलंगाशेजारी शेगडी राखेच्या पातळ थराखाली शांत फुललेली, आणि काकू कुशीवर झोपलेल्या.

“बघा, गालावर रंग आलाय तिच्या,” काका माझ्या मागून म्हणाले.

मी काकूंना हलवलं. हात उचलला तो तसाच खाली पडला. खिडकी ओढली, पण पट्टी घट्ट बसली होती. स्टूल उचललं आणि काचेवर घातलं.

“अहो, काय करताय!” काका ओरडले.

“वायू आहे काका, विषारी! पाय धरा!”

त्यांना काही कळलं नसावं, पण त्यांनी पाय धरले. चादरीसकट आम्ही काकूंना बाहेरच्या खोलीतून फरपटत जिन्याच्या चौकात आणलं. माझं डोकं ठणकत होतं. शेजारी बाहेर आले, कुणीतरी घोंगडी टाकली. काका जमिनीवर बसून बायकोच्या गालावर हलक्या चापट्या मारत होते आणि म्हणत होते, “अगं ऊठ, पाहुण्या आल्यात.” बराच वेळ गेला. मग काकू एकदा खोकल्या.

रुग्णवाहिका आली. दवाखान्यात काकूंना प्राणवायू लावला. आम्ही दोघं बाहेरच्या खुर्च्यांवर शेजारीशेजारी बसलो. काकांच्या मांडीवर काकूंची पर्स होती. ते भेटेल त्याला सांगत होते, “या ताई देवासारख्या आल्या. नाहीतर संपलंच होतं.” नर्सला सांगितलं, सफाईवाल्या बाईंना सांगितलं.

तासाभराने डॉक्टरीणबाई आल्या. काकू वाचतील, म्हणाल्या, पण शुद्ध पूर्ण आलेली नाही. मेंदूवर किती परिणाम झालाय ते उद्या-परवा कळेल. मग त्या काकांकडे वळल्या. “बंद खोलीत कोळसा पेटवतात का कुणी? विकताना सांगितलं नाही का तुम्हाला?”

काकांनी माझ्याकडे बघितलं, आणि पटकन म्हणाले, “सांगितलं असेल हो. या ताईंनीच दिली शेगडी, त्या सगळं नीट समजावून सांगत होत्या. मला जरा कमी ऐकू येतं. चूक माझीच.”

मी गप्प राहिले असते तर तिथेच मिटलं असतं. डॉक्टरीणबाई वळून निघाल्याही होत्या.

“नाही सांगितलं,” मी म्हणाले. “सांगायचं असतं, ते मला पाठ आहे. सांगितलं की लोक घेत नाहीत, म्हणून मी सांगत नाही.”

डॉक्टरीणबाई आत निघून गेल्या. काका समोरच्या भिंतीकडे बघत होते. मी त्यांच्यासमोर उभी होते. कधी उठले होते, मलाच कळलं नव्हतं.

“तुम्ही म्हणालात, धूर होत नाही,” ते म्हणाले.

“हो.”

“खरंच नाही झाला.”

मी परत बसायला गेले. तेव्हा त्यांनी मांडीवरची पर्स उचलली आणि शेजारच्या, माझ्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली.