वांग्याच्या ढिगाभोवतीची इंग्रजी

अचलपूरच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला लागलो तेव्हा वर्गात सगळी मुकीच पोरं भरली आहेत असं मला वाटायचं. माळ्यांची ही पोरं धडा एका सुरात घोकायची, पण साधा प्रश्न विचारला की माना खाली. मी तापट माणूस, डोकं फिरायचं.

एकदा पहाटे भाजीबाजारात गेलो, तर तीच पोरं वांग्याच्या ढिगाभोवती बसून मोठ्यांशी कडाकडा भांडत होती. तिथला रिवाज असा, की ढिगाशी बसेल त्यानंच भावात बोलायचं. उभ्या माणसाला कुणी जबाब देत नाही. मी दुसऱ्याच दिवशी बाकं भिंतीला सारली, पाच-पाच जणांची रिंगणं केली आणि एकेका रिंगणाला वादाचा विषय दिला. नियम बाजारातलाच, भाषा इंग्रजी. चुकलं तरी चालेल, गप्प बसलेलं चालणार नाही. पुढे शेजारच्या वर्गाचे मास्तर गोंगाटाची तक्रार घेऊन आले. मला त्या गोंगाटाचा अभिमानच वाटला.

शकुन सगळ्यांत बोलकी. तिचे वडील किसनराव मात्र तिच्या शाळेला कंटाळले होते. म्हणाले, "शाळा तपासाले डेप्युटीसाहेब येऊन राहिले ना? त्यायच्यासमोर इंग्रजी बोलली तं शिकू द्या. नाही तं उद्यापासून मळ्यात."

तपासणीच्या दिवशी ते दाराशीच उभे राहिले. साहेबांनी उभ्याउभ्याच शकुनला इंग्रजीत नाव विचारलं. ती गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्पच. पोरगी बाजाराचा नियम पाळत होती. किसनराव तिला न्यायला आत यायला निघाले.

मी सरळ म्हणालो, "साहेब, खाली बसा. उभ्या माणसाला इथं उत्तर मिळत नाही."

दाराशी उभ्या असलेल्या चपराशानं जीभ चावली. साहेबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, पाटलोण जरा वर ओढली आणि रिंगणात मांडी घातली. मग इंग्रजीतच म्हणाले, "माळ्याच्या मुलीला इंग्रजीचा काय उपयोग? मला तर काही दिसत नाही."

"आय डोन्ट ॲग्री, सर," शकुन म्हणाली आणि सुटलीच. साहेब एक बोलले की ती दोन बोले. क्रियापदं लंगडत होती, पण पोरगी हटत नव्हती. बाकीची चौघंही तुटून पडली. साहेब हसायला लागले.

किसनरावांनी मला हळूच विचारलं, "काय म्हणून राहिली?"

"साहेबांचं म्हणणं पटत नाही म्हणते."

"साहेबाले? तोंडावर?"

"तोंडावर. इंग्रजीत."

ते पुन्हा दाराशी जाऊन उभे राहिले. मग शेजारच्या चपराशाला कोपरानं ढोसून म्हणाले, "थे माही पोरगी होय."