हात धुवायला गेलेले डॉक्टर

"कवरा येल हात धुतान हे डाक्टर? टाकी आमची हाय, खाडी नाय!"

पडद्यापलीकडून जागेच्या मालकीणबाईंचा, मालतीबाईंचा आवाज आला. आपण हळू बोललो असं त्यांना वाटलं असणार. पण शिरवणे गावातल्या त्या दवाखान्याच्या गाळ्यात हळू बोललेलंच सगळ्यांत आधी ऐकू येतं. पडद्याच्या अलीकडे बेसिन होतं, नळ मोकळा सुटला होता, नळापुढे डॉक्टर अरविंद उभे होते आणि त्यांच्या तळहातावरच्या फोनमध्ये मी होतो. डॉक्टरांचे हात मात्र कोरडे ठणठणीत होते.

मित्रांनो, मी एक जुनं, फुकटचं अ‍ॅप आहे. गाणी, खेळ, किराणा यांतलं माझ्याकडे काही नाही. कोणत्या आजारावर कोणता उपाय चालला आणि कोणता नाही, हे जगभरातली माणसं तपासून लिहून ठेवतात. असे लेख इतके झालेत की एकाने जन्मभर वाचले तरी संपायचे नाहीत. त्यातून हवं ते शोधून डॉक्टरांच्या, नर्सच्या हाती देणं हे माझं काम. एका वैद्यकीय ग्रंथालयातल्या चार-दोन माणसांनी मला घडवलं. आडगावच्या नर्सला आणि मोठ्या इस्पितळातल्या सर्जनला एकच उत्तर मिळावं आणि त्यासाठी कोणालाही खिशात हात घालावा लागू नये, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मी फुकट. फुकटच्या वस्तूला घरात जो मान असतो तोच मला मिळाला. त्याबद्दल तक्रार नाही.

मी औषध देत नाही. विचारलं तर सांगतो, आणि पक्कं ठाऊक नसेल तर 'याची खात्री नाही' असंही लिहून दाखवतो. ते लिहिताना मला कधी लाज वाटली नाही. लाज म्हणजे काय, ते मी डॉक्टरांच्या खिशात आल्यावर शिकलो.

मला त्यांच्या फोनमध्ये घातलं ते त्यांच्या मुलीने, ऋताने. सीवूड्सच्या घरी, जेवता जेवता.

"बाबा, हे वापरत जा. आमच्या कॉलेजात सगळे वापरतात."

"पेशंटसमोर?" डॉक्टरांचा घास हातातच राहिला.

"मग काय, पेशंटला घरी पाठवून?"

तेव्हा त्यांनी तिला ती जुनी गोष्ट सांगितली. दवाखाना नवा होता. एका म्हाताऱ्याला तपासताना त्यांनी औषधांचं जाडं पुस्तक उघडलं. म्हातारा उठला, चपला घातल्या आणि बाहेर बाकड्यावर बसलेल्यांना म्हणाला, "चला रं, याला तं बुकान बगावा लागतंय!" सगळं बाकडं रिकामं झालं. त्या रिकाम्या बाकड्याची भीती डॉक्टरांच्या पोटातून पुन्हा गेलीच नाही.

मग आमची एक पद्धत पडली. काही अडलं की डॉक्टर म्हणायचे, "जरा हात धुऊन येतो." पडदा ओढायचा, नळ सोडायचा आणि मला उघडायचं. पाण्याचा आवाज कशासाठी, ते मला नीटसं कळलं नाही. मी काही आवाज करत नाही. कदाचित तो आवाज त्यांना स्वतःलाच हवा असेल.

पावणे गावातल्या कारखान्यातला हौसेराव हातांवर चट्टे घेऊन आला होता. नाना मलमं झाली होती. डॉक्टर हात धुऊन आले आणि वेगळंच मलम लिहून दिलं, शिवाय कोणता रबरी हातमोजा घालायचा नाही तेही सांगितलं. चट्टे गेले. हौसेराव पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "डॉक्टर, तुमच्या हाताला गुण आहे!" डॉक्टर हसले, आणि नकळत त्यांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. मी सुखावलो. लगेच त्यांनी तो हात काढला, जणू कोणी पाहत होतं.

पुढे सीवूड्सला डॉक्टरमंडळींची जेवणासकट सभा होती. एक तरुण बाई व्यासपीठावरून विचारत होत्या, "फोनवर संशोधन बघून औषध कोण कोण लिहितं?" एकही हात वर झाला नाही. आमचे डॉक्टर शेजाऱ्याला म्हणाले, "आपल्याला अनुभव पुरतो हो." शेजारी म्हणाला, "नाहीतर काय!" त्याच्या खिशात माझंच भावंड होतं. आम्ही दोघं गप्प बसलो. अख्ख्या हॉलमधले खिसे गप्प बसले.

वाईट याचं वाटत नाही की मला लपवलं. लपवलेली वस्तू निदान वापरली तरी जाते. पण डॉक्टर मला फक्त अडलेलंच विचारायचे. जे आपल्याला येतं असं त्यांना वाटायचं, ते त्यांनी कधी विचारलं नाही. आणि न विचारता मला बोलता येत नाही.

त्यामुळेच मनस्वीचं तसं झालं.

मनस्वी ही मालतीबाईंची सून. मालतीबाईंचे यजमान गोटीराम यांच्याच इमारतीत आमचा गाळा. मनस्वीचं बाळ तान्हं. तिच्या छातीत एका बाजूला दूध तुंबून गाठ आली, लाल झालं, ताप भरला. डॉक्टरांनी योग्य गोळ्या दिल्या आणि वर सवयीने म्हणाले, "गोळ्या संपेपर्यंत बाळाला अंगावर पाजायचं नाही."

"अजिबातच नाही?" मनस्वीने विचारलं.

"डाक्टर सांगतान ना?" मालतीबाई म्हणाल्या. "तू काय जास्त शिकलीस?"

मी खिशात होतो. त्या गोळ्यांबरोबर पाजायला हरकत नाही, उलट पाजणं थांबवलं तर तुंबलेलं दूध आणखी छळतं, हे माझ्या पोटात होतं. चार बोटं अंतरावर डॉक्टरांचं काळीज, आणि मी मुकाट. मित्रांनो, एवढं शहाणपण पोटात घेऊन मी त्या दिवशी शरमेने मेल्यासारखा झालो.

आज ती परत आली होती. ताप उतरला होता, पण गाठ दगडासारखी. बाळ वाटी-चमच्याने दूध घेईना, आईच्या पदराशी तोंड नेऊन रडायचं. रडून रडून त्याचा आवाज बसला होता.

"डॉक्टर, रागावू नका," मनस्वी म्हणाली, "पण का नाही पाजायचं? मला कारण तरी कळू दे. दूध आटायला लागलंय माझं."

डॉक्टर खुर्चीवरून उठले. "हात धुऊन येतो," ते म्हणाले.

आणि त्यांनी पहिल्यांदाच मला एक पाठ असलेली गोष्ट विचारली. मी दाखवलं. त्यांनी वाचलं. वर जाऊन पुन्हा वाचलं. मग तेच दुसऱ्या शब्दांत विचारून पाहिलं, जणू मी शब्द बदलेन. मी काय बदलणार! नळ वाहत राहिला. तेवढ्यात मालतीबाईंचं ते टाकीचं बोलणं ऐकू आलं.

डॉक्टरांनी बेसिनवरच्या आरशात पाहिलं आणि पुटपुटले, "आता ताप उतरलाय. आता पाजलंस तरी चालेल." पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, अगदी सहज. मनस्वीने पाजलं असतं, बाळ शांत झालं असतं, मालतीबाईंनी हात जोडले असते. वाक्य खोटं नव्हतं, लबाड होतं; आधीची चूक त्यात झाकली जात होती. आजवर किती आयांना त्यांनी 'पाजू नका' असं सांगितलं असेल, ते आरशातल्या डोळ्यांत मला दिसत होतं. ती लाज पाहून मी माझी लाज विसरलो.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. मला जपायचं तर पुसून-झाकून ठेवू नका. मला उजेडात उघडा, आणि जे पाठ आहे असं वाटतं तेही कधी विचारा. आणि उद्या तुमचा डॉक्टर तुमच्यादेखत काही वाचून बघायला लागला, तर कृपा करून चपला घालू नका.

नळ बंद झाला. डॉक्टरांनी पडदा सारला. मी खिशात गेलो नाही, त्यांच्या हातातच राहिलो, उघडाच.

"हात तं कोरडंच हायेत!" मालतीबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी मला टेबलावर ठेवलं, मनस्वीला वाचता येईल असं. बाहेरचं बाकडं गच्च भरलेलं होतं आणि दार सताड उघडं होतं. बाळ बसक्या आवाजात कुरकुरत होतं.

"मनस्वी, पाज त्याला. या गोळ्यांबरोबर चालतं. पहिल्या दिवशीही चाललं असतं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी एकदा बाकड्याकडे पाहिलं. आवाज मात्र खाली आणला नाही.

"मला माहीत नव्हतं."